कोंड्यासकट पिठाचे मऊ प्रेट्झेल एका रविवारी जमतात, दुसऱ्या रविवारी दगड होतात : दोष कुठे शोधावा

गव्हाच्या पिठातला कोंडा न काढता घरी मऊ प्रेट्झेल, म्हणजे कणकेची लांब वळी गाठीत वळून, क्षाराच्या पाण्यात बुडवून भाजलेला पाव, करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. माप तेच, यीस्ट तेच, ओव्हनही तोच असतो. तरीही एका रविवारी प्रेट्झेल फुगून चकचकीत होतात आणि आतून लादीपावासारखे मऊ निघतात, तर पुढच्या रविवारी त्याच वहीतल्या त्याच मापाने केलेले प्रेट्झेल बसके व फिके होतात आणि दुपारपर्यंत इतके घट्ट बनतात की चहात बुडवल्याशिवाय खाववत नाहीत. सांगलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात हा प्रकार जवळजवळ वर्षभर चालू होता. एकदाच बिघडलेला पदार्थ विसरता येतो, परंतु जो अधूनमधून बिघडतो आणि मध्येच उत्तम होऊन आशा लावतो, त्याचे कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी जे कारण सापडले ते पाककृतीत नव्हते, ओव्हनमध्येही नव्हते. ते दळणाच्या डब्यात होते. हे लिखाण मुख्यतः त्याविषयी आहे, आणि त्यानंतर उरणाऱ्या दोन-तीन लहान दोषांविषयी आहे.

आधी मी नेहमीच्या संशयितांनाच धरले. यीस्टची पुडी उघडून फार दिवस झाले असतील असे वाटून नवीन पुडी आणली. यीस्ट जिवंत आहे की नाही हे पाहणे सोपे असते. पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर गूळ आणि अर्धा चमचा यीस्ट घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवले आणि वर फेसाचा थर आला, की यीस्टवरचा आरोप मागे घ्यावा. माझे यीस्ट दर वेळी फेसाळत होते. मग ओव्हनचा नंबर लागला. घरगुती ओटीजीच्या बटणावर २२० लिहिलेले असले तरी आत २२० अंश असतातच असे नाही, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक विकत घेतला. माझा ओटीजी बटणापेक्षा साधारण २० अंश थंड निघाला, आणि ती दुरुस्ती उपयोगीही पडली, परंतु ओव्हनमधली चूक दर वेळी सारखीच असते. जो दोष कधी असतो आणि कधी नसतो, त्याचे कारणही कधी असणारे आणि कधी नसणारेच असले पाहिजे, हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

लक्षात आले तेही भिंतीवरच्या दिनदर्शिकेमुळे. आमच्याकडे तिच्यावर दुधाचा हिशेब आणि दळणाची तारीख लिहायची पद्धत आहे. मी त्याच चौकोनांत प्रेट्झेलच्या दिवशी ‘बरे’ किंवा ‘वाईट’ असे लिहू लागले. अडीच-तीन महिन्यांच्या नोंदी साठल्यावर असे दिसले की ‘वाईट’ हा शेरा कधीच सुटा येत नव्हता. एका दळणातून दोन किंवा तीन वेळा प्रेट्झेल होत, आणि ते एक तर सगळे बरे होत किंवा सगळे वाईट होत. म्हणजे दोष दळणाबरोबर घरी येत होता आणि दळण संपले की जात होता.

पुढचे उत्तर गिरणीत मिळाले. आमच्या भागातल्या गिरणीत सकाळी बहुतेक गव्हाची दळणे असतात, आणि दुपारनंतर ज्वारी-बाजरीचे डबे रांगेला लागतात. प्रेट्झेलसाठीचा गहू मी वेगळा, दोन-दोन किलोच नेत असे. जेव्हा सकाळी डबा ठेवला तेव्हा प्रेट्झेल चांगले झाले होते, आणि जेव्हा कामे आटोपून संध्याकाळी ठेवला तेव्हा बिघडले होते. गिरणीच्या दगडांच्या आसपास आणि पीठ पडते त्या कापडी तोंडात आधीच्या दळणाचे थोडे पीठ राहतेच, आणि ते पुढच्या माणसाच्या डब्यात उतरते. दहा किलोच्या दळणात पावशेर ज्वारी मिसळली तर पोळीला ती कळतही नाही. दोन किलोच्या दळणात तीनशे-चारशे ग्रॅम मिसळली, तर पिठाचा सहावा-सातवा हिस्सा ज्वारीचा झाला. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणजे कणकेला चिकटपणा आणि ताण देणारी जाळी तिच्यात तयार होत नाही. पोळी लाटायची असते आणि भाजताच खायची असते, त्यामुळे ती हे सहन करते. प्रेट्झेलच्या कणकेला मात्र आतला वायू तासभर धरून ठेवायचा असतो, मग हातभर लांब वळी होऊन गाठीत वळायचे असते आणि शेवटी उकळत्या पाण्यात तरून ओव्हनमध्ये पुन्हा फुगायचे असते. ही सगळी मजल जाळीच्या जोरावर चालते.

सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, मग ‘गव्हावर गहू’ सांगायचं ना.” पुरणपोळीच्या आधी दळण टाकताना त्या हे दोन शब्द आयुष्यभर सांगत आल्या होत्या, आणि मी ते ऐकतही आले होते. पुरणपोळीला जी कणीक लागते तीच प्रेट्झेलला लागते, हे माझ्या डोक्यात आले नव्हते इतकेच.

पीठ आणल्यावर ते प्रेट्झेलच्या कामाचे आहे की नाही हे कळायला पूर्ण घाणा वाया घालवण्याची गरज नाही. तीस ग्रॅम पीठ घ्यावे, त्यात वीस-एकवीस मिलिलिटर पाणी घालून घट्टसर गोळी मळावी आणि ती अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी. नंतर मोठ्या वाडग्यात पाणी घेऊन ती गोळी बोटांनी हलकेच दाबत धुवावी. पाणी दुधासारखे पांढरे होते. कुरडया करणाऱ्या घरात हे पाणी ओळखीचे असते, कारण तो गव्हाचा चीकच असतो. दोन-तीन वेळा पाणी बदलले की चीक निघून जातो, कोंड्याचे कण बरेचसे सुटतात आणि हातात करड्या-पिवळ्या रंगाचा एक लवचिक गोळा उरतो. चांगल्या पिठाचा हा गोळा चांगल्या सुपारीएवढा होतो, दोन्ही हातांनी ओढला तर ताणला जातो, सोडला तर मागे येतो आणि दाबला तर रबरासारखा कण्हतो. माझ्या सकाळच्या दळणाचा गोळा ८ ग्रॅम भरला. संध्याकाळच्या दळणाचा गोळा धुता धुताच विसविशीत झाला, त्याचे तुकडे बोटांच्या फटीतून निसटून वाडग्यात गेले आणि गाळणीत धरून तोलले तेव्हा जेमतेम ५ ग्रॅम भरले. त्या दिवसानंतर मी यीस्टला दोष दिलेला नाही.

गव्हाची जात

गिरणीचा प्रश्न सुटल्यावरही एक घाणा सपशेल फसला, आणि त्याला कारण माझा उत्साह होता. पौष्टिकच करायचे तर खपलीचे का करू नये, असा विचार मी केला. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात खपली घरोघरी माहीत आहे, तिची खीर या भागाचे भूषण आहे, आणि ती पौष्टिक आहे याविषयी माझे दुमत नाही. परंतु खपली हा वेगळ्या जातीचा, जुना गहू आहे. त्याच्यात ग्लुटेन असते, पण ते दुबळे असते, ताणले की मागे येत नाही, ओघळते. खपलीची वळी करताना ती मधूनच बारीक होऊन तुटते, आणि गाठ वळून ठेवलेला प्रेट्झेल दहा मिनिटांत पसरून थालीपिठाच्या वाटेला लागतो. ज्यांना खपली घालायचीच आहे त्यांनी एकूण पिठाच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ नये. खपलीत ग्लुटेन नसतेच असे समजून गव्हाचे पथ्य असलेल्या माणसाला ते प्रेट्झेल देणे तर पूर्णपणे चुकीचे आहे.

बन्सी गव्हाचा अनुभव उलट्या दिशेचा आहे. तो रवा-शेवयांच्या कुळातला कठीण गहू असल्यामुळे त्याची कणीक ताठ होते, वळी लांबवली की आखडते आणि प्रेट्झेल चिवट लागतो. घरगुती प्रेट्झेलसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटला तो लोकवन, म्हणजे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१ हा वाण, जो आपल्याकडच्या कोणत्याही धान्यबाजारात मिळतो. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती गहू पोळीला गोड लागतो आणि प्रेट्झेललाही चालतो, मात्र माझ्या हाताखाली त्याची कणीक थोडी लवकर सैल पडते. नाचणी किंवा शाळूचे पीठ मुद्दाम घालायचे असेल तर दर ४०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमपर्यंत घालावे. त्यापलीकडे गेल्यास संध्याकाळच्या गिरणीचाच अनुभव येतो, फक्त या वेळी तो आपण स्वतः ओढवून घेतलेला असतो.

गिरणीतून आणलेले पीठ लगेच वापरू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. दगडांच्या घर्षणाने पीठ चांगलेच तापते. डबा घरी आणल्याबरोबर मी त्यात तापमापक खुपसला तेव्हा तो ५२ अंश दाखवत होता. अशा पिठात यीस्ट घालणे म्हणजे कणीक तापवूनच सुरुवात करणे होय. डबा उघडा ठेवून, वर फडके टाकून पीठ रात्रभर निवू द्यावे. उलट टोकाला जाऊन दोन महिन्यांचे पीठही घेऊ नये, कारण कोंड्यासकट पिठात गव्हाच्या अंकुराचे तेल असते आणि ते उन्हाळ्यात लवकर खवट होते. प्रेट्झेलला जो न सांगता येणारा कडवटपणा कधीकधी येतो, त्याचे एक कारण हे जुने पीठ असते.

कोंडा आणि पाणी

पीठ चांगले असूनही प्रेट्झेल दाट होत असेल, तर बहुधा कोंड्याला पाणी पिण्याइतका वेळ मिळालेला नसतो. मैद्याच्या प्रेट्झेलची कृती पाहून कणीक भिजवली की पहिल्या दहा मिनिटांत ती बरोबर वाटते, मग कोंडा सावकाश पाणी ओढू लागतो आणि वळी करायची वेळ येईपर्यंत कणीक कोरडी पडते. कडबोळी वळताना पीठ कोरडे असेल तर जशा चिरा पडतात, तशाच चिरा वळीला पडतात आणि ओव्हनमध्ये त्याच जागी प्रेट्झेल फाटतो. शिवाय कोरड्या कोंड्याचे कण धारदार असतात, ते मळताना ग्लुटेनची जाळी कापत राहतात. भिजलेला कोंडा मऊ पडतो आणि पुष्कळ कमी नुकसान करतो.

म्हणून माझे आजचे माप आणि क्रम असा आहे. लोकवनचे ४०० ग्रॅम पीठ बारीक चाळणीने चाळून घ्यावे. चाळणीत ३०-४० ग्रॅम जाडसर कोंडा उरतो, तो फेकून न देता ६० मिलिलिटर कडकडीत पाण्यात भिजत घालावा. खाली पडलेले पीठ २०० मिलिलिटर पाण्यात नुसते कालवून, न मळता, ४० मिनिटे झाकून ठेवावे. या वेळात ग्लुटेनची जाळी आपोआप जुळू लागते आणि नंतर हाताला निम्मेच श्रम पडतात. मग ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ मिलिलिटर पाण्यात विरघळवून गाळलेला १५ ग्रॅम गूळ आणि ७ ग्रॅम मीठ घालून आठ-दहा मिनिटे चांगले तिंबावे. कणीक ताणली की पातळ पडदा धरू लागल्यावर २० ग्रॅम लोणी आणि सगळ्यात शेवटी थंड झालेला भिजका कोंडा मळून घ्यावा. कोंडा घालताना कणीक काही काळ फुटल्यासारखी दिसते, तेव्हा घाबरून वर पीठ भुरभुरवू नये, कारण तीन-चार मिनिटांत ती पुन्हा एक होते. यातून ९० ग्रॅमचे आठ प्रेट्झेल होतात. काढलेला कोंडा सगळाच्या सगळा परत गेल्यामुळे धान्य पूर्णच राहते. मैद्याइतके हलके प्रेट्झेल यातून होणार नाहीत, आणि ते तसे व्हावेत ही अपेक्षा मी आता ठेवतही नाही.

वळी आखडत असेल तर तो दोष नसून घाईचा परिणाम असतो. आठही गोळ्यांच्या आधी वीतभर वळ्या करून ठेवाव्यात, आठवी होईपर्यंत पहिली सैलावलेली असते, मग तिला ५० सेंटिमीटरपर्यंत न्यावे. ओट्यावर पीठ मुळीच टाकू नये, कारण वळी घसरायला लागली की लांबत नाही. उलट ओल्या बोटाने ओटा पुसला तर तिला पकड मिळते.

कणीक फुगवण्याच्या वेळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण कृतीतला ‘एक तास’ हा शब्द आपल्याकडे शब्दशः घेऊ नये. मे महिन्यात आमचे स्वयंपाकघर ३६ अंशांवर असते, आणि तीच कणीक पस्तीस मिनिटांत दुप्पट होते. डिसेंबरात साताऱ्याला नणंदेच्या घरी हाच प्रयोग केला तेव्हा दोन तास लागले. उन्हाळ्यात मी फ्रिजमधल्या पाण्याने पीठ भिजवते, माठाचे पाणीही पुरत नाही. जास्त फुगलेला प्रेट्झेल उकळत्या पाण्यातून काढताच म्हाताऱ्याच्या हातासारखा सुरकुततो. त्या सुरकुत्यांवर दुसरा उपाय नाही. टाळायच्या असतील तर गाठ वळल्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर न ठेवता, न झाकता, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. वर पातळ कोरडी साय धरते, आकार ताठ राहतो आणि झाऱ्याने उचलताना गाठ सुटत नाही.

रंग न येणे, आणि हळदीची खूण

प्रेट्झेलचा तो गडद तपकिरी, चकाकणारा रंग आणि विशिष्ट वास ही क्षाराची करामत असते. जर्मनीतले बेकर भाजण्यापूर्वी कणीक कॉस्टिक सोड्याच्या सुमारे चार टक्के द्रावणात बुडवतात. क्षारामुळे पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून तुकतुकीत होतो, आणि प्रथिने व साखर यांच्यातली तांबूस रंग आणणारी प्रक्रिया ओव्हनमध्ये झपाट्याने होते. घरी कॉस्टिक सोडा वापरावा असे मला वाटत नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानात मोरी साफ करण्यासाठी मिळणारा तर खाण्याच्या पदार्थाच्या आसपासही आणू नये. त्याऐवजी सगळे खाण्याचा सोडा सांगतात, पण तो सौम्य क्षार असल्यामुळे रंग पोळीच्या डागाइतपतच येतो. कोंड्याच्या पिठाचा रंग मुळातच करडा असल्यामुळे फसगत आणखी सोपी असते: प्रेट्झेल तपकिरी दिसतो, पण तो रंग पिठाचा असतो, भाजण्याचा नसतो. चकाकी आहे का, हे पाहिले की खरे कळते.

उपाय असा की खाण्याचा सोडाच आधी भाजून घ्यावा. १०० ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटात पसरून ओटीजीत १५० अंशांवर तासभर ठेवला की त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो सोडियम कार्बोनेट, जो बराच तीव्र क्षार आहे. काम पूर्ण झाले की नाही हे वजनकाटा सांगतो. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होणे अपेक्षित आहे, माझे ६४ भरले. ७५ भरले तर आणखी वीस मिनिटे ठेवावे. रसायन तेच असले, तरी कपड्यांसाठी मिळणारा धुण्याचा सोडा वापरू नये, कारण तो खाण्याच्या दर्जाचा नसतो. सुटा पापडखारही मी टाळते, कारण पुडीत नेमका कोणता क्षार किती आहे हे कळत नाही आणि माप बसत नाही. फ्रूट सॉल्ट आणि बेकिंग पावडर यांत आम्ल मिसळलेले असते, त्यामुळे त्यांचा या कामी काही उपयोग नाही. भाजलेला सोडा घट्ट झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. तो दिसतो मिठासारखाच, पण हाताला चुरचुरतो, म्हणून द्रावणात बोटे न घालता झारा वापरावा.

हे द्रावण नीट झाले आहे का ते पाहायला सांगलीच्या माणसाला प्रयोगशाळेची गरज नाही. हळदीचे पाणी लावून वाळवलेली टिपकागदाची पट्टी पुरते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो हे प्रत्येक घरात पाहिलेले असते, त्याचे कारण साबणातला क्षारच असतो. साध्या सोड्याच्या पाण्यात ही पट्टी नारिंगीकडे झुकते. भाजलेल्या सोड्याच्या पाण्यात ती बुडवताक्षणी विटेसारखी लालभडक-तपकिरी होते. एक लिटर उकळत्या पाण्याला ४० ग्रॅम भाजलेला सोडा, आणि प्रत्येक प्रेट्झेल जास्तीत जास्त ३० सेकंद, एवढे पुरे. मिनिटावर गेल्यास साल जाड आणि चामट होते. सोडा पाण्यात एकदम ओतू नये, चमच्याचमच्याने घालावा.

पातेले स्टीलचेच हवे. पहिल्यांदा मी दूध तापवायचे ॲल्युमिनियमचे पातेले घेतले होते. क्षार ॲल्युमिनियमला खातो, त्यामुळे पातेले आतून काळवंडले, पाण्याला करडी छटा आली आणि ते सगळे पाणी मोरीत ओतावे लागले. ॲल्युमिनियमच्या ट्रेवर थेट ठेवलेल्या प्रेट्झेलच्या बुडालाही असेच करडे डाग पडतात.

प्रेट्झेल साबणासारखा लागत असेल तर क्षार जास्त झालेला नसून बहुधा निथळलेला नसतो. गाठीच्या दोन खोबणींत द्रावण साचून राहते आणि भाजल्यावर तेथे पांढुरका थर दिसतो. झाऱ्यावर दहा-बारा सेकंद तिरका धरून निथळवावा आणि मग ट्रेवर ठेवावा. शंका असेल तर भाजलेल्या प्रेट्झेलच्या खोबणीवर ओली केलेली हळदीची पट्टी टेकवून पाहावी. ती पिवळीच राहिली किंवा किंचित नारिंगी झाली तर काळजी नाही, लाल झाली तर पुढच्या घाण्याला निथळण्याचा वेळ वाढवावा.

चिकटणे आणि मीठ

‘बटर पेपर’ म्हणून किराणा दुकानात जो कागद मिळतो तो अनेकदा फक्त गुंडाळण्याचा असतो. ओला, क्षार लागलेला प्रेट्झेल त्याला असा धरतो की खालची साल कागदासकट खावी लागते. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद किंवा सिलिकॉनची चटई घ्यावी. दोन्ही नसल्यास स्टीलच्या ट्रेला तेलाचा हात फिरवून वर बारीक रवा भुरभुरावा. भाजणे २२० अंशांवर १३ ते १५ मिनिटे होते, आणि ओव्हन त्याआधी किमान वीस मिनिटे तापलेला हवा. पोटाच्या जाड भागावर ब्लेडने एक आडवा छेद दिला तर प्रेट्झेल तेथेच फुटतो, नाहीतर त्याला वाटेल तेथे फुटतो.

मिठाची तक्रार पावसाळ्यातच येते. बारीक मीठ प्रेट्झेलवर विरघळून जाते, म्हणून जाडे मीठ खलबत्त्यात अर्धवट कुटून, तिळाच्या आकाराचे खडे निवडून घ्यावेत आणि प्रेट्झेल ओला असतानाच लावावेत. परंतु मीठ लावलेले प्रेट्झेल डब्यात भरून ठेवले, तर मीठ हवेतले आणि प्रेट्झेलच्या आतले पाणी ओढून घेते, आणि सकाळी डबा उघडल्यावर प्रत्येक खड्याभोवती ओला खळगा आणि मऊ पडलेली साल दिसते. जुलैमध्ये नणंदेकडे साताऱ्यात हे एका रात्रीत झाले. तेव्हापासून त्याच दिवशी संपणाऱ्या प्रेट्झेलनाच मी मीठ लावते. उरलेले बिनमिठाचे भाजून, पूर्ण निववून, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवते. खायच्या वेळी ते बाहेर काढून अर्धा तास ठेवायचे, वरून ओला हात फिरवून मीठ लावायचे, आणि मंद आचेवरच्या तव्यात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे गरम करायचे.